न थोपटणारा हात

तळहाताखाली ऊब होती आणि त्या उबेला श्वास होता. पौषातल्या थंडीत स्कूटीवरून येऊन गारठलेले हात मी कोपरापर्यंत धुतले होते, कोरडे केले होते, एकमेकांवर चोळून चोळून तापवले होते आणि मग त्यातला उजवा हात एका पाठीवर ठेवला होता. पाठ! हा शब्दसुद्धा तिला ढगळ व्हावा, एवढीशी. माझ्या मधल्या बोटाचं टोक तिच्या मानेशी, मनगटाची घडी तिच्या कमरेशी, आणि मधलं सगळं आयुष्य माझ्या तळहातात मावलेलं. त्वचा इतकी तलम की आतल्या शिरांची निळी नक्षी दिसावी. खांद्यांवर मऊ, सोनेरी लव. वरून ऊब देणाऱ्या दिव्याचा पिवळसर उजेड, आसपास स्पिरिटचा उग्र वास, आणि हाताखाली ती अविश्रांत हालचाल: वर, खाली, वर, खाली, मध्येच जरा थबकून, काहीतरी विचार केल्यासारखं करून, पुन्हा वर. काय सांगू तुम्हाला, चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या अंगावर जो रोमांच उभा राहिला, तसा तो लग्नात अक्षता पडतानासुद्धा राहिला नव्हता!

आणि त्यानंतर लगेच मी जी घोडचूक केली, ती सांगायचीच आहे. पण आधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कुणाच्या पाठीवर हात ठेवून बसली आहे!

मी मंदा. शिनोलीची सून, आणि तालुक्यातल्या एका रुग्णालयात एकोणीस वर्षं परिचारिका. ती एकोणीसच्या एकोणीस वर्षं अपघात विभागात. हमरस्त्यावर आपटलेले मोटारसायकलवाले, बिबट्याने खांदा फाडलेले ऊसतोड मजूर, कडबाकुट्टीत बोटं गमावलेले शेतकरी, असं सगळं माझ्या हाताखालून गेलं. तिथे विचार करायला उसंत नसते, तिथे हात चालावा लागतो. “हात चालवा, हात चालवा!” हा माझाच घोष, आणि तो फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जायचा. दोन माणसांना न आवरणारा दारुडा मी एकटी धरायची. पैलवानाच्या दंडातली शीर पहिल्या टोचणीत गाठायची. “मंदाताईंचा हात लागला की माणूस उठून बसतो,” असं लोक म्हणायचे. आता तो बरा होऊन बसायचा की दुखलं म्हणून बसायचा, हे मी कधी विचारलं नाही.

मग एवढं सगळं सोडून नवजात अतिदक्षता कक्षात जायचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? त्याला कारण एक सलाईनचा स्टँड. आमचा एक स्टँड त्या कक्षात गेला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता. मी तणतणत तिथे गेले. काचेच्या दारापलीकडे तिथल्या प्रमुख रेहाना सिस्टर उभ्या होत्या. जुन्नरच्या, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, चणीनेही लहानशा. त्यांचा एक हात, बाळाला उबेत ठेवणाऱ्या एका काचेच्या पेटीच्या गोल झरोक्यातून आत गेलेला, आणि त्या नुसत्या उभ्या! काही करत नव्हत्या. मला वाटलं, वा गं वा, आमच्याकडे धावपळीने जीव मेटाकुटीला येतो आणि ह्या इथे हात शेकत उभ्या! पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात तसाच. मी दार वाजवायचं सोडून बघत राहिले. मग त्यांनी हात असा सावकाश, असा चोरपावलांनी बाहेर काढला की मला कळलं, हे काही न करणं नव्हतं. हे मला न येणारं काहीतरी होतं. एकोणीस वर्षं ह्या धंद्यात काढून मला न येणारं काही ह्याच इमारतीत, माझ्यापासून तीस पावलांवर आहे! त्या विचाराने मला जी हुरहुर लागली ती लागलीच. स्टँड तिथेच राहिला आणि आठ दिवसांत माझा बदलीचा अर्ज गेला.

घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी कांद्याची रोपं निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाले, “म्हणजे आता या वयात पुन्हा पहिलीत बसणार?” म्हटलं, बसणार! पाटी घेऊन बसणार! “बसा. पण आवाज घरी ठेवून जा, लेकरं घाबरतील.” चेष्टाच होती, पण बोलले ते खरंच होतं. पहिल्याच दिवशी मी दारातून “नमस्कार सिस्टर!” म्हटलं आणि सहा बाळांनी एकदम हात फेकले.

काय ते दिवस होते! वयाच्या ह्या टप्प्यावर, जेव्हा बायका गुडघ्यांविषयी बोलू लागतात, तेव्हा मला प्रत्येक सकाळ नवी कोरी मिळत होती. पहाटेच्या धुक्यात घोडेगावच्या रस्त्याने येताना, कडेच्या कांद्याच्या वाफ्यांत चमकणारं पाणी बघताना, मी मनाशी धडा घोकायची: अमुक वजनाला अमुक थेंब, तमुकला तमुक. औषध आता चमच्याने नव्हतं, थेंबाच्याही अंशाने होतं. रक्तदाबाचा पट्टा माझ्या करंगळीला बसेल एवढा. टोपडं लिंबावर बसेल एवढं. सारंच सूक्ष्म, सारंच अपूर्व! बांगड्या उतरल्या, अंगठी उतरली, चपलांचा आवाज उतरला. हळूहळू माझा स्वरही उतरला. दुपारी मी घाईघाईने दोन घास खायची आणि पुन्हा आत पळायची. एखाद्या गोष्टीसाठी असं पळत जावंसं वाटणं, हे किती वर्षांनी घडत होतं! मला वाटतं, माणसाला तारुण्य परत हवं असतं म्हणजे दुसरं काही नको असतं. काहीतरी प्रथमच करण्याचा तो थरार हवा असतो. तो मला फुकटात मिळाला होता आणि मी तो दोन्ही हातांनी लुटत होते.

आणि मग आलं उषाचं बाळ.

उषाचं सासर बेल्हे, माहेर डिंभे. सातव्या महिन्यात चार दिवस आईकडे आली, तिथे रक्तदाब चढला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दुपारची एसटी आलीच नाही, म्हणून मासे घेऊन निघालेल्या टेम्पोतून तिला आणलं. दारात तिला झटके आले. बाळ दहा आठवडे आधीच जन्मलं. मुलगी. वजन अकराशे पन्नास ग्रॅम. उषा तिकडे मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात बेशुद्ध आणि लेक आमच्याकडे. आमच्याकडे नाव नसतं. पेटीवरच्या पट्टीवर आईचं नाव लिहून पुढे ‘बाळ’ लिहायचं, इतकंच. रेहाना सिस्टरनी ती पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, “मंदाताई, हे तुमचं पहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्या नाकातल्या नळ्या, पोटात दूध नेणारी ती दोऱ्याएवढी नळी, सगळं मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. एकच भीती होती आणि ती पहिल्याच दिवशी मला बजावून सांगितलेली होती: ही बाळं श्वास घ्यायचं विसरतात. अक्षरशः विसरतात! आईच्या पोटात त्याची गरज नसते ना, मग सवय कुठली? चांगली घेत घेत असताना मध्येच थांबतात, आणि कुणी आठवण दिली नाही तर थांबूनच राहतात. ती स्वतः आठवण ठेवायला शिकेपर्यंत तिच्यापाशी आठवण देणारं कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

तर चौथ्या दिवशीची ती सकाळ. तळहाताखाली ती ऊब, ती लव, तो थबकत चालणारा श्वास. बाळ जरा कुरकुरलं. चेहरा आक्रसला, ओठ वाकडे झाले. आणि माझा हात चालला. मी ठरवलं नव्हतं हो! आपल्याकडे कुठल्या बाईला ते ठरवावं लागतं? बाळ कुरकुरलं की हात आपोआप उठतो आणि पडतो. थोप, थोप, थोप. माझ्या आईने मला थोपटलं, मी माझ्या दोघांना थोपटलं, शेजारणीचं पोर मांडीवर आलं तरी थोपटलं. आपल्या हातात तेवढी एकच भाषा दिलेली. मी चार बोटांनी, अगदी हलक्या हाताने, मायेने तिला थोपटलं. पाचव्या-सहाव्या थोपटीला तिने हातपाय ताठ केले, आणि श्वास थांबला. यंत्र किंचाळलं. ओठ जांभळे, मग काळपट. आणि मी, जी पैलवानांना उठवून बसवायची, ती मी खांबासारखी उभी! रेहाना सिस्टर कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी बाळाच्या तळव्यावर बोटाने टिचकी दिली, पुन्हा दिली, पाठीवरून अंगठा फिरवला. एक श्वास. मग दुसरा. मग ओठांवर हळूहळू जास्वंदाचा रंग परत आला.

त्या मला रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, “मंदाताई, थोपटू नका. तुम्हाला जी माया वाटते, ती तिला आत्ता दणके वाटतात. नुसता हात ठेवा. डोक्याला एक ओंजळ, पायांना एक. हलायचं नाही. ती पोटात होती तेव्हा तिला कुणी थोपटत होतं का?”

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग डोळे पुसून एक कागद घेतला आणि अर्ज लिहिला: मला पूर्ववत अपघात विभागात घ्यावे. माझ्या हातांनी एक जीव जवळजवळ गेला होता, आणि तो मायेने गेला असता, ही त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट. रेहाना सिस्टरनी अर्ज वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात परत कोंबला. “हे बाळ घरी जाईल त्या दिवशी द्या. तोपर्यंत ते तुमचं आहे.” आणि घरी गेलं नाही तर?

दुसऱ्या दिवशी बाळाचा बाप आत आला. बबन नाव. बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करतो, सहा फुटी गडी, गळ्यात उपरणं, हात असे की बैलाची वेसण त्यांत दोऱ्यासारखी दिसावी. आई शुद्धीवर नव्हती, आणि बाळाला आता कुणाच्या तरी उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून निजवायची वेळ आली होती. त्याने ऊब राहते, श्वास सुधारतो. हे काम बापही करू शकतो. मी त्याला ते समजावलं तर त्याची पाचावर धारण बसली. “ताई, मला न्हाई जमायचं. माजं हात बगा! ह्या हातानं मी खोंडं आडवी पाडतो. ती लई बारीक हाय वो. मोडंल ती.” मी त्याच्या हातांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. म्हटलं, पावणं, माझेही तसलेच आहेत. बसा.

खुर्चीत त्याला टेकून बसवलं. सदरा काढला. टोपडं आणि लंगोट एवढ्यावर असलेली ती चिमणी मी आणि रेहाना सिस्टरनी मिळून, नळ्या सांभाळत, त्याच्या छातीवर ठेवली आणि वरून स्वच्छ धुतलेल्या कापडाने दोघांना लपेटलं. त्याचा एक हात कापडाखाली, तिच्या पाठीवर. तो श्वास रोखून बसला. मी माझा धडा त्याला देऊ लागले: आता थोपटायचं नाही बरं का, हात हलवायचा नाही, नुसता... पण मला पुढे बोलावंच लागलं नाही. त्याचा चेहरा एकाएकी सैलावला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो खाली बघून हळूच हसला आणि म्हणाला, “आवो ताई, हे तर माजंच काम हाय.”

मला काही उमजेना. मग त्याने सांगितलं, हळू आवाजात, छातीवरची लेक न हलवता. बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून होतो. भोवती पन्नास जण टपलेले असतात, पण कुणाला ताकास तूर लागत नाही, कारण हात हलत नाही. “हात हालला की सौदा गेला. हात गप ठिवायचा. आन् आदी आपुन दाबायचं न्हाई. आदी समोरच्याची बोटं काय म्हणत्यात ते ऐकायचं. आमच्या बाबांनी मला ह्येच शिकीवलं, ऐकाया शीक, बोलाया समदेच शिकत्यात.” जरा वेळाने म्हणाला, “हिचा सास थांबला बगा. आला. आला परत.” यंत्राने अजून काही म्हटलंच नव्हतं.

मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसून राहिले. आनंद झाला की हेवा वाटला, कुणास ठाऊक. दोन्ही झालं असणार. जे शिकायला मी पुस्तकं घोकत होते, ते हा माणूस बेल्ह्याच्या धुळीत, बैलांच्या गर्दीत, आपल्या बापाच्या उपरण्याखाली शिकून आला होता! विद्या कुठे कुठे लपून बसलेली असते आणि कुणाच्या हाताला कशी लागते, याचा काही पत्ता लागतो का आपल्याला? मी त्याच्या बोटांवर बोट ठेवून शिकणं तर शक्य नव्हतं, पण त्याने जे सांगितलं ते मी उचललं. बाळ पेटीत परत गेल्यावर मी झरोक्यातून हात घातला, तिच्यावर ठेवला आणि मनाशी म्हटलं, मंदे, बोलू नकोस. ऐक.

सोपं नव्हतं ते! खांदा भरून यायचा, बोटांना मुंग्या यायच्या, आणि तिने जरासं तोंड वाकडं केलं की सगळा दंड थोपटायला शिवशिवायचा. मी दात आवळून हात गप ठेवायची. आणि मग ते ऐकू येऊ लागलं. कानाला नव्हे, हाताला. तृप्त असली की श्वास कसा लांबतो. दुधाची वेळ जवळ आली की कसा उतावळा होतो. शेजारी कुणी कपाट आपटलं तर पाठीतून कशी बारीक लहर जाते. तळहाताला एवढं समजतं हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण माझ्याच आवाजात ते मला ऐकू आलं नसेल. रोज सकाळी मी बबनला विचारायची, “काय म्हणते लेक?” आणि तो सौदा जिंकल्यासारखा सांगायचा, “आज खुशीत हाय राव!”

बाराव्या दिवशी दुपारी माझा हात तिच्यावर होता. श्वास वर गेला, खाली आला, आणि पुढे काहीच नाही. मी वाट पाहिली, नेहमीची ती थबक असेल म्हणून. पण ही थबक निराळी होती. हाताखालची पाठ एकदम रिकामी झाली. यंत्र अजून शांत होतं, त्याचे आकडे अजून हिरवे होते. मी डाव्या हाताने तिच्या तळव्यावर टिचकी दिली. काही नाही. दुसरी दिली, जराशी कडक. आणि तिने असा दचकून, असा रागाने श्वास घेतला, जणू म्हणत होती, घेते गं बाई, किती मागे लागशील! तेव्हा कुठे यंत्राने एकदा टुक केलं आणि तेही गप्प बसलं. माझा जीव भांड्यात पडला. मागे वळून बघते तर रेहाना सिस्टर उभ्या. त्या धावत आल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. “ऐकलंत,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. नोकरीत मला दोनदा शाबासकीचा कागद मिळाला आहे. त्या एका शब्दापुढे ते दोन्ही कागद कुठल्या कुठे!

त्याच आठवड्यात उषाला चाकांच्या खुर्चीतून आणलं. पांढरीफटक, ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले. शुद्धीवर आल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, मला माजी लेक दावा. तिला लेक दिसली तेव्हा ती हसलीही नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली. मग तिने धुतलेला हात झरोक्यातून आत घातला, पाठीवर ठेवला आणि तिचा हात उठला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून बबन बोलला, “थोपटू नको गं.” उषाचा हात हवेतच राहिला. तिने आमच्याकडे वळून बघितलं, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “मंग मी करू तरी काय? पोटात ठिवता आली न्हाई. दूध अंगावर देता येईना. आन् थोपटायचं बी न्हाई? मंग मी आई कसली?”

हा तर माझाच प्रश्न होता. तो मी बाथरूममध्ये नळ सोडून विचारला होता. मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले, म्हटलं, उषा, मीसुद्धा थोपटलं होतं तिला. काय झालं ते तुला सांगते. आणि मी सगळं सांगितलं, ते जांभळे ओठसुद्धा. लपवलं नाही. मग तिचा हात धरून मी तो पुन्हा पाठीवर टेकवला आणि त्याच्यावर माझा ठेवला, तो उठू नये म्हणून. “असा ठेव. पोटात होती तेव्हा तू काय करत होतीस? काही नाही. नुसती तिच्याभोवती होतीस. तेवढंच अजून थोडे दिवस करायचं.” आम्ही दोघी तशाच राहिलो. माझ्या हाताखाली उषाचा हात, त्याच्याखाली ती. कितीतरी वेळाने उषा म्हणाली, “ती हालली. पोटात हालायची तशीच हालली वो!” आणि मग ती हसली. बबनने तोंड फिरवून उपरण्याने नाक पुसलं आणि सर्दी झाली म्हणाला.

सगळं काही सरळ झालं नाही. मध्ये दोनदा वजन उतरलं, एकदा दूध पचेना झालं, तीन दिवस आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती चढली. तेराशे, पंधराशे, सतराशे. श्वास विसरायची बंद झाली. नळी निघाली, लेक आईच्या अंगावर पिऊ लागली, आणि माघ संपता संपता एके दिवशी तिचं घरी जायचं ठरलं. पेटीवरची ती पट्टी मी नखाने सोडवत होते, तेव्हा रेहाना सिस्टरनी माझ्यापुढे हात पसरला. “द्या.” काय देऊ? मला खरंच कळेना. “अहो, अर्ज! बाळ घरी चाललंय.” मी खिसा चाचपला. खिशात कागद नव्हता. मग आठवलं, मागे कधीतरी गणवेशाच्या खिशातून कपडे धुण्याच्या यंत्रात गेला असणार, कारण खिशाच्या तळाशी पांढऱ्या लगद्याच्या दोन गोळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. इतक्या दिवसांत तो माझ्यापाशी आहे, याची मला आठवणसुद्धा झाली नव्हती! “धुण्यात गेला,” मी म्हटलं. “मग दुसरा लिहिताय?” त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं. “छे हो!” म्हणाले ते मात्र माझ्या जुन्या अपघात विभागातल्या आवाजात. तीन बाळं दचकली.

बारसं चैत्रात, बेल्ह्याला झालं. बबनला बहीण नाही. त्याने दारात येऊन सांगितलं होतं, “आत्या तुमी. नाव तुमीच ठिवायचं.” पाळण्याला आंब्याची पानं, बायकांची ही गर्दी, अंगणात बाजारातले त्याचे सोबती उपरणी सावरत बसलेले. लेक पाळण्यात, गुबगुबीत, काजळ लावलेली, सगळ्या कल्लोळाकडे तुच्छतेने बघणारी. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, गौरी, आणि त्याच क्षणी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीवर बायकांचे धपाटे सुरू झाले. आत्याला कुणी सोडतं का! धप, धप, धप, आणि वर हसण्याचा कल्लोळ. त्या गलक्याने गौरी बिथरली आणि तिने भोंगा पसरला. काय तो आवाज! एवढा श्वास, एका दमात! मी तिला उचलून खांद्याशी घेतलं, हात पाठीवर ठेवला, आणि हात तिथेच राहिला. गप. ती रडत होती, मी ऐकत होते.

बायका म्हणू लागल्या, अगं आत्याबाई, उभी काय राहिलीस खांबासारखी? माझी बोटं खरोखर विसरली होती. तेव्हा उषा गर्दीतून पुढे आली, माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, “ताई, आता थोपटा की. आता चालतंय तिला.” मी बबनकडे बघितलं. त्याने मान डोलावली.

मी थोपटलं. एकदा, भीत भीत. मग थांबले आणि ऐकलं. श्वास तिथेच होता, चांगला खोल, चांगला रागीट. मग पुन्हा थोपटलं, मग पुन्हा, आणि हाताला त्याची जुनी चाल सापडली. ती हुंदके देत देत शांत झाली, माझ्या मानेत तोंड खुपसून निजली, तरी मी थोपटतच राहिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिची पाठ आता माझ्या तळहातात मावत नव्हती.